खालून ‘आला’ कोण म्हणालं?

मामा,

तुझ्या दहाव्याला तारोडी गावात जमलेले सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते, पण हळू आवाजात. चांगलं बोलताना माणसं आवाज खाली का आणतात, ते मला तिथे उभं राहून कळलं. पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं की मीरा रोडच्या त्या सोसायटीच्या गच्चीवर तू कुणी न बोलावता गेलास आणि पाण्याच्या टाकीवरून तोल जाऊन पडलास. कागदावर नसलेलं सेक्रेटरींनी तोंडाने सांगितलं होतं. जुनी केबल, तांब्याची वायर, असलं काहीतरी काढायला आला असेल. चोर हा शब्द कुणीच उच्चारला नाही. तो न उच्चारताच मामीच्या दारापर्यंत पोचला.

आई म्हणाली, लिहितेयस तर चांगल्या आठवणी लिही. मी प्रयत्न करतेय. पण एक चांगली आठवण काढली की तिच्या मागून राग येतो. दोन्ही वेगळे करायला मला जमत नाही, म्हणून जसे येतील तसे लिहितेय. चुकलं तर समजून घे. तू माझं चुकलेलं नेहमीच समजून घेतलंस, फक्त चारचौघांत हसून.

आठवीपासून सुट्टीत मी तुझ्याबरोबर कामाला यायचे. काम म्हणजे काय, लोकांच्या घरात टीव्हीसमोर उभं राहायचं. तू वर गच्चीवर डिशचे नट सैल करून ती केसाएवढी इकडेतिकडे हलवायचास आणि मी खिडकीतून ओरडायचे. चाळीस, साठ, गेला, आला, परत गेला. टीव्हीवर सिग्नलची पट्टी असायची, ती बघून. तुझ्याकडे सिग्नल शोधणारा बीपर होता, पण तो सेल संपल्यापासून तुझ्या टपरीत खिळ्याला टांगलेला. तू म्हणायचास, त्या डब्यापेक्षा माणूस बरा, माणसाला विचारता येतं. आणि विचारायचास पण किती. मी ‘आला’ म्हटलं की वरून परत, “आला?” मी हो म्हटलं की आणखी एकदा, “नक्की आला?” तीनदा ऐकल्याशिवाय शेवटचा नट तू कधीच आवळला नाहीस. पहिला ‘आला’ फसवा असतो, असं तुझं म्हणणं. वाऱ्याची एक झुळूक येते, पट्टी वर जाते, घरातला माणूस खूश होऊन ओरडतो, आणि तू खाली उतरेपर्यंत चित्राचे चौकोन झालेले असतात. गिऱ्हाईक वैतागायचं. एका आजींनी मला विचारलं होतं, हा कमी ऐकतो का गं?

त्या घरांमध्ये तू माझी ओळख करून द्यायचास, “ही आमची भाची, हिला वरचं सगलं समजतं.” तेव्हा मला वरचं काहीही समजत नव्हतं. पण ते ऐकून ऐकून असेल, बारावीनंतर मी फिजिक्स घेतलं. आपल्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबांना वाटत होतं मी एखाद्या मॉलमध्ये लागावं. तू त्यांच्याशी भांडला नाहीस, फक्त रोज संध्याकाळी येऊन बसायचास आणि माझ्या कॉलेजबद्दल असं बोलायचास जसं काही ते ठरूनच गेलंय. शेवटी बाबाच कंटाळले. यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानतेय, तर ऐकायला तू नाहीस. ही पद्धत मला अजिबात आवडलेली नाही.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारला मी विषय घेतला, अंतराळात फिरणारी दुर्बीण हव्या त्या ताऱ्यावर नेम कसा धरते. हा विषय मी तुझ्यामुळे घेतला होता, मामा. तुझ्यामुळे, एवढं तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू अख्ख्या भाईंदर पूर्वेत सांगत फिरला असतास.

पण विषय कळल्यावर तू पहिलाच प्रश्न विचारलास, “खाली कोण हाय?”

मी विचारलं, खाली म्हणजे?

“अगं, ती वर फिरते ना? मग खालून बघून बोलतंय कोण, आला का गेला?”

मी म्हटलं, कोणी नाही. काय काय बघायचं त्याचं वेळापत्रक जमिनीवरून आधीच पाठवून देतात, पुढचं ती स्वतः करते. तू मान हलवलीस. न्हाय बाय, कोणतरी पायजेच.

तिथून जो वाद सुरू झाला तो तू जाईपर्यंत संपला नाही.

मी तुला आधी हे सांगितलं की तिथे टेकायला काहीच नसतं. पाय रोवून वळावं अशी जमीन नाही, हवा नाही. मग वळायचं कसं? दुर्बिणीच्या पोटात जड चाकं असतात. चाक एका बाजूला फिरवलं की दुर्बीण उलट्या बाजूला वळते. तुझा विश्वास बसेना. मग तू शेजारच्या सलूनमधल्या राजूभाईची खुर्ची मागितलीस आणि तुझ्या जुन्या सायकलचं चाक काढून आणलंस. राजूभाई म्हणाला, “कस्टमर का कुर्सी है, मेला नहीं है.” खुर्ची घट्ट होती, फिरेना. तू तिच्या बुडाशी तेलाचा स्प्रे मारलास. मग तूच बसलास, पाय वर घेतलेस, चाकाचा आस एका हाताने उभा धरलास आणि दुसऱ्या हाताने चाकाला जोरात फिरवलंस. खुर्ची उलट्या बाजूला सरकली. हळू, पण सरकली. तुझं तोंड आरशाकडून दाराकडे आलं आणि तू अगदी बारीक आवाजात म्हणालास, “कोणीच ढकललं न्हाय.” दाढीला साबण लावून बसलेलं गिऱ्हाईक हसलं. पुढे कित्येक दिवस राजूभाई तक्रार करत होता की दाढी करताना माणूस फिरतो, कान कापला जाईल एक दिवस.

खरी दुर्बीण पण अशीच हळू वळते, घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखी. वळताना सूर्याकडे तोंड जाऊ द्यायचं नाही, नाहीतर आतलं सगळं जळेल. हे तुला लगेच पटलं. पण पुढचा प्रश्न तयार होता. थांबायचं कवा, ते कोण सांगतंय?

मी सांगितलं, आत जायरो असतात, किती वळलो ते त्यांना कळतं. मग छोटे कॅमेरे भोवतालचे तारे बघतात, आपल्याकडच्या नकाशाशी जुळवतात, आणि दुर्बीण साधारण जागेवर येते. साधारणच. त्याने फोटो निघत नाही. मग सगळ्यात बारीक काम. ज्याचा फोटो हवाय त्याच्या आसपासचे एकदोन तारे आधीच ठरवलेले असतात, खुणेचे तारे. एक वेगळा सेन्सर ते शोधतो आणि धरून ठेवतो. तारा केसाएवढा सरकला की सेन्सर सांगतो, चाकं दुरुस्ती करतात, परत सेन्सर, परत चाकं. हे न थांबता चालू राहतं, म्हणून फोटो हलत नाही.

“त्या खुणेच्या ताऱ्याचा फोटू?”

मी म्हटलं, त्याचा नाही. तो फोटोच्या बाहेरच राहतो.

 तू म्हणालास, हे काय बरोबर न्हाय. आणि परत मूळ पदावर आलास. तो सेन्सर म्हणजेच खालचा माणूस, फक्त त्याला वर नेऊन बसवलाय. मी म्हटलं, तसं नाही, माणूस आणि सेन्सर वेगळे. तू म्हणालास, माणसाला तीनदा विचारता येतं. मी म्हटलं, ती पण सारखं विचारतच असते. तू म्हणालास, मग विचारते कुणाला? मी चिडले. तू हसलास. सेमिनारला येतो आणि तुज्या सरांनाच विचारतो, असं म्हणालास. मला आतून भीती वाटली की तू खरंच येशील आणि विचारशील. आणि आला असतास तर मला किती बरं वाटलं असतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

सेमिनारच्या आधीच्या आठवड्यात तू गेलास.

तुझी पिशवी त्या सोसायटीत राहिली होती. आणायला मी गेले, कारण आई जाऊ शकत नव्हती आणि मामीला तिथे पाठवायची कुणाची हिंमत नव्हती. वॉचमन चांगला होता. मी हट्ट धरला म्हणून त्याने मला गच्चीवर नेलं. पान्हा, पक्कड, वायरचा तुकडा, तुझा रुमाल. टाकीच्या कठड्यावर एकच डिश होती. पाइपवर नवे ओरखडे, नट चमकत होते आणि घट्ट आवळलेले. डिशची वायर खाली ज्या चौथ्या मजल्याच्या खिडकीत गेली होती, तिथून टीव्हीचा आवाज येत होता, कुठलीतरी मालिका. मी हे सगळं पाहिलं, पण मला काही कळलं नाही. मी रडत होते.

कळलं ते सेमिनारमध्ये. मी खुणेच्या ताऱ्यापर्यंत आले होते आणि पाठ केलेलं वाक्य म्हणत होते, की जोपर्यंत तारा सापडला असं सेन्सर सांगत नाही, तोपर्यंत फोटो घेतला जात नाही, ती वेळ फुकट गेली तरी चालेल. आणि मी थांबले. सरांना वाटलं विसरले. त्यांनी पुढचा शब्द सुचवला. मी विसरले नव्हते, मामा. मला तुझे आवळलेले नट दिसले. तुझा बीपर टपरीत खिळ्यालाच होता, मी पिशवी ठेवायला गेले तेव्हा पाहिला होता. डोळ्यांच्या अंदाजाने डिश साधारण जागेवर येते, चित्र येत नाही. खाली मालिका तर नीट चालू होती. आणि शेवटचा नट तू तीनदा ऐकल्याशिवाय आवळत नाहीस. म्हणजे खाली टीव्हीसमोर कुणीतरी उभं होतं. कुणीतरी तुला तीनदा सांगितलं होतं. ज्याला कुणी बोलावलं नव्हतं, त्याला खालून आवाज कसा मिळाला?

सेमिनारला चांगले मार्क पडले. दुर्बिणीच्या बाबतीत वादात मीच बरोबर होते, हे सरांनीही सांगितलं. तुला खिजवायला मी फोन हातात घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या चौथ्या मजल्यावर गेले. दार काकांनी उघडलं. मागे काकू सोफ्यावर होत्या आणि टीव्ही चालू होता. काचेसारखं स्वच्छ चित्र. मी तुझी भाची म्हणून सांगितलं आणि विचारलं की डिश कोणी लावून दिली. काका म्हणाले, ती आधीपासून नीटच होती. सेमिनारनंतर मी तुझा फोन उघडून पाहिला होता, त्यात त्या दिवशी ‘मीरा रोड, चौथा मजला’ असा कॉल होता. मी विचारलं, मग मामाच्या फोनवर तुमचा कॉल होता तो? तो म्हणे ‘येऊ नको’ सांगायला केला होता, आणि हे त्यांनी पोलिसांनाही सांगितलंय. मी म्हटलं, डिश नीट होती तर ये कशाला सांगितलं होतं, की मग येऊ नको सांगावं लागलं?

 मी मोठ्यांशी असं कधी बोलले नव्हते.

काका म्हणाले, “शिकलेली दिसतेस. शिकलेल्या मुलीने असं लोकांच्या दारात येऊन तपास करायचा नसतो.”

काकूंनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.  मी जिना उतरले.

गेटपाशी मला मागून हाक आली. काकू होत्या, हातात कचऱ्याची पिशवी, घरात काहीतरी निमित्त सांगून आल्या असणार. त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. टाकीवर डिश लावायला सोसायटीची बंदी आहे. जो माणूस बोलावेल तो जबाबदार, असं सेक्रेटरींनी त्याच दिवशी सगळ्यांना बजावलं. ह्यांना बीपी आहे, मुलीचं लग्न ठरतंय. हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मीच होते गं टीव्हीसमोर. त्याने तीनदा विचारलं. मी तिसऱ्यांदा म्हटलं, हो रे बाबा, आला, सगळं दिसतंय, उतर आता.”

मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन म्हणाल्या, “माझं नाव घेऊ नकोस.”

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. त्या क्षणी मला त्यांची दया आली होती, हे तुझ्यापासून लपवत नाही. त्यांच्या जागी आपल्या घरातलं कुणी असतं तर काय केलं असतं, तेही मला माहीत नाही. पण मी रिक्षात बसले आणि मामी आठवली. मासळी विकायला बसायची ती तिची रोजची जागा, आणि तू गेल्यापासून ती तिथे गेली नव्हती. लोक भाव विचारतील की नवऱ्याचं विचारतील, म्हणून. रिक्षावाल्याला मी सांगितलं, भैया, स्टेशन नहीं, पुलिस चौकी.

हवालदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. बीपर, नट, तीनदा विचारणं, सगळं. मग शांतपणे विचारलं, “डिशचा जबाब लिहून घेऊ का?” बाजूचा एक जण हसला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी टेबलाकडे बघत राहिले. वस्तू बोलत नाहीत, माणूस आणा, असं ते म्हणाले. मी काकूंचं नाव सांगितलं.

त्यांना बोलावलं त्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. काका आणि काकू दोघं आले, आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर पडले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. हवालदारांनी मला आत बोलावून वाचून दाखवलं. होय, आम्ही बोलावलं होतं. पण टाकीवर चढू नका, चढलात तर दोर बांधा, असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही दोघं आतल्या खोलीत होतो, पुढचं काही माहीत नाही.

म्हणजे बोलावणं आलं कागदावर. ‘आला’ आलं नाही. टीव्हीसमोर कुणीच नव्हतं, तू वर स्वतःशीच तीनदा विचारलंस आणि स्वतःच नट आवळलेस, असं आता सरकारदरबारी नोंदलं गेलंय. आता तू चोर नाहीस, मामा. आता तू बेफिकीर आहेस.

मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मामी भात वाढत होती. तिने एवढंच विचारलं, “चोर न्हाय लिवलंय ना?” मी म्हटलं, नाही. बोलावलं होतं, असं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन बाजारात गेली. आई म्हणाली, पोरी, हे तू केलंस. मला मान वर करून हो म्हणता आलं नाही. मामीला पुरलं ते मला पुरलेलं नाही.

कारण मी तो जबाब मनात परत परत वाचतेय. दोर बांधायला त्यांनी खरंच सांगितलं होतं का? मला वाटतं, नाही. ते नंतर सुचलेलं आहे. पण समज, सांगितलं असतं. तू बांधला असतास? मी इतक्या सुट्ट्या तुझ्याबरोबर काढल्या, एकदाही तुला दोर बांधताना पाहिलं नाही. तू म्हणाला असतास, दोरात हात अडकतो, पाच मिनटांचं काम हाय. त्या काकांनी तुझं ते न ऐकणं इतकं बरोबर सांगितलंय की वाचताना मला तुझा आवाज ऐकू आला. त्यांनी खोटं सांगितलं, आणि त्या खोट्यात तू मात्र अगदी खरा होतास.

यासाठी मी त्यांना माफ करणार नाही. आणि तुला पण नाही, मामा. इतक्यात तरी नाही.